शेवटी बसवलेलं चाक

थोरल्या जावयांचा मत्सर साधासुधा नव्हता. धाकट्या मेहुणीचं लग्न झालं त्या दिवशी त्यांच्या छातीत जो जाळ पेटला, त्याच्यावर चार माणसांचं अंघोळीचं पाणी सहज तापलं असतं. हवेतली गोष्ट सांगत नाही. त्यांची बायको हिवाळ्यात ओले मोजे मुद्दाम त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायची, आणि धाकट्या साडूचं नाव निघालं की पाच मिनिटांत मोजे कडकडीत.

सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोन्ही जावई त्यांना मामा म्हणत. थोरले धंद्यानंच वेबसाइटी बांधणारे, त्यामुळे दुकानाची वेबसाइट त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी उभी केली होती. तिची चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, जगात फक्त त्यांच्याकडे. मामांच्या कुणाही ओळखीच्यासमोर ते सहज म्हणून जात, "चावी माझ्याकडे असते." विचारलेलं नसलं तरी.

मग धाकटे आले. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस! त्यानं कुठून तरी वाचून एक प्लगिन शोधून काढलं. प्लगिन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा तयार भाग: फोटो फिरवायला एक, निरोप घ्यायला एक, अशी डझनभर असतात. धाकट्यांच्या प्लगिनमुळे गिऱ्हाइकं घरबसल्या वेळ ठरवून दुकानात यायला लागली. मामांच्या सांगण्यावरून थोरल्यांनी दातओठ खात ते स्वतःच्या हातानं बसवलं. महिन्याभरात दुकानातली गर्दी शिस्तीत आली आणि मामा म्हणाले, "धाकट्यांनी दुकानाला डोकं दिलं."

"मग मी काय दिलं होतं, टक्कल?" थोरल्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

"ते तुम्ही स्वतःजवळच ठेवलंय," बायको म्हणाली.

आणि एका सकाळी वेबसाइट पांढरी पडली. ना चूक, ना सूचना, नुसता कोरा पडदा. मामांनी दोन्ही जावयांना दुकानात बोलावून घेतलं. थोरली लेक, म्हणजे थोरल्यांची बायको, आधीच तिथे पाकिटांवर पत्ते घालत बसली होती.

"हे बघा," डोळ्यावरचं भिंग वर सारून मामा म्हणाले, "गिऱ्हाइकं फोन करून करून माझा कान खातायत. ज्याच्या जोडकामामुळे हे बंद पडलं असेल, त्यानं इथून पुढे वेबसाइटला हात लावायचा नाही. चावी दुसऱ्याकडे. मान्य?"

"मान्य," धाकटे म्हणाले.

"एकदम मान्य!" थोरले इतक्या आनंदानं म्हणाले, की भिंतीवरचं एक बंद घड्याळ दचकून दोन टोले देऊन गेलं.

आनंदाला कारण होतं. धाकट्यांचं प्लगिन आदल्याच दिवशी आपोआप नव्या आवृत्तीवर गेल्याचं थोरल्यांनी पाहिलं होतं. शिवाय या कामाची रीत त्यांना पाठ होती. वेबसाइट पांढरी पडली तरी मागची खोली उघडी असते, जिथे सगळ्या प्लगिनांची यादी दिसते. तिथे जाऊन आधी सगळी बंद करायची. मग एकेक चालू करत जायचं आणि दर वेळी वेबसाइट उघडून बघायची. जे चालू केल्यावर पडदा पांढरा होईल, ते चोर. रीत जगभर मान्य. त्यात एकच गोम: दोन प्लगिनांचं आपसात पटत नसलं, तर जे नंतर चालू कराल तेच चोर ठरतं. ही गोम थोरल्यांना माहीत होती. भूगोलवाल्याला नव्हती.

थोरले खुर्चीत बसले. मागे मामा आणि धाकटे उभे.

"सगळी बंद केली. बघा मामा, वेबसाइट दिसायला लागली. आता माझं फोटो फिरवायचं चालू..." इथे त्यांनी आवाज जरा उंचावला, "अगदी ठीक! निरोपांचं चालू... ठीक. नकाशाचं चालू... ठीक."

अकरा प्लगिनं झाली. राहिलं एक. थोरल्यांनी मिटक्या मारल्यासारखं ते चालू केलं. पडदा पांढरा.

"अरेरे!" थोरले म्हणाले. असा कोरडा अरेरे त्या दुकानात आजवर कुणी काढला नव्हता. "वाईट वाटतं हो साडूभाऊ. होतं असं, सवय नसली की."

धाकट्यांचं तोंड उतरलं. "तुम्ही म्हणता म्हणजे माझंच असणार. साडूभाऊ, तुम्हाला त्रास झाला."

हे ऐकून थोरल्यांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण हरतानाही हा माणूस सभ्य दिसतो, या विचारानं त्यांच्या छातीतला जाळ आणखीच भडकला.

मामा मात्र पडद्याकडे बघत राहिले. "आता उलट्या क्रमानं करा."

"कशाला मामा? चोर तर सापडला."

"जावईबापू, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय मी. दोन चाकं एकमेकांत अडली की शेवटी बसवलेलंच नेहमी चोर दिसतं. म्हणून मी एकदा या बाजूनं बसवतो, एकदा त्या बाजूनं. करा."

थोरले नाइलाजानं पुन्हा यादीकडे वळले. पुन्हा सगळी बंद. धाकट्यांचं आधी चालू केलं. ठीक. बाकीची, ठीक. शेवटी स्वतःचं फोटोवालं. त्यावर बोट न्यायला त्यांना इतका वेळ लागला, की थोरल्या लेकीची सात पाकिटं झाली. पडदा पांढरा.

"म्हणजे दोघंही," थोरले घाईनं म्हणाले. "बरोबरी!"

"अडतात दोघंही," मामा म्हणाले. "झिजलेलं एकच असतं. कुठलं?"

धाकटे वाकून यादी वाचत होते. "साडूभाऊ, तुमच्या फोटोवाल्याखाली ही पिवळी पट्टी कसली? नवी आवृत्ती आलीय म्हणतेय. आणि तारीख... सहा वर्षांपूर्वीची? नवी घेऊन बघायची का?"

"हात लावू नका!"

दुकानातली सगळी चालू घड्याळं क्षणभर गप्प झाली, असं मामा पुढे शपथेवर सांगत.

"का हो?" थोरल्या लेकीनं पेन खाली ठेवलं. "नव्यानं काय बिघडतं?"

आता हे सांगायचं तरी कसं? सहा वर्षांपूर्वी थोरल्यांनी त्या प्लगिनच्या पोटात शिरून त्याचं मूळ लिखाण आपल्या हातानं बदललं होतं. नवी आवृत्ती घेतली की हातचे बदल पुसले जातात, म्हणून तेव्हापासून त्यांनी एकही आवृत्ती घेतली नव्हती. या धंद्यात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात, असं करू नये.

"थोडी सुधारणा केली होती," ते पुटपुटले.

"कसली?"

"प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात..." थोरले टेबलाशी बोलत होते. "माझं नाव."

"त्या कोपऱ्यातल्या बारक्या मुंग्या?" मामांनी भिंग खाली ओढलं. "मला वाटायचं काच घाण आहे. मी रोज पुसायचो."

"अहो, एवढंच होतं तर मला सांगायचं," बायको म्हणाली. "मी सदऱ्यावर भरून दिलं असतं."

धाकटे हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. "घेऊ का मग नवी?" त्यांनी हळूच विचारलं.

थोरल्यांनी स्वतःच बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात दोन्ही प्लगिनं शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं चालू झाली. फोटो फिरायला लागले. कोपरे स्वच्छ. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं दुपारची वेळ ठरवलीसुद्धा.

"झिजलेलं माझं होतं, मामा," थोरले म्हणाले. आयुष्यात त्यांना इतकं जड वाक्य उचलावं लागलं नव्हतं.

"मग चावी," मामा म्हणाले.

धाकट्यांनी खिशातून वही आणि पेन्सिल काढली. "सांगा, साडूभाऊ."

थोरल्यांचा चेहरा वेबसाइटसारखा पांढरा झाला. "मी... मी आधी बदलतो, मग नवी देतो."

"कुलूप बदलून किल्ली देतात का कुणी? आत्ताची द्या. आत्ता."

"मामा, अहो, लांब आहे जरा."

"मी लिहितोय," धाकटे म्हणाले.

दुसरा मार्ग नव्हता. पासवर्ड थोरल्यांनी धाकट्या मेहुणीच्या लग्नाच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीतून उठून, मोबाइलवर बदलला होता.

"सगळं इंग्रजी अक्षरांत," ते म्हणाले. "मधे जागा न सोडता. धाकटा..."

"धाकटा," धाकट्यांनी लिहिलं.

"बावळट आहे."

थोरल्या लेकीनं पाकिटात तोंड लपवलं. मामा एका घड्याळात इतके वाकले की नाक आत गेलं. धाकट्यांची पेन्सिल मात्र एकसारखी चालत राहिली. "आहे," ते पुटपुटले. "झालं?"

"पुढे उद्गारचिन्ह."

"एकच?"

"तीन."

धाकट्यांनी तीन रेघा मारल्या, तिन्हीखाली टिंबं दिली, वही मिटून खिशात ठेवली आणि म्हणाले, "लक्षात राहायला सोपा आहे, साडूभाऊ."

थोरले त्यांच्याकडे बघत राहिले. एवढं ऐकून इतकं शांत राहणं, हेसुद्धा देवानं यालाच दिलं! आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी टाकलेलं ओलं फडकं हळूहळू वाफ सोडायला लागलं.