वाशीच्या घरातला गुडघ्यांचा बाक

मित्रांनो, टेकायला जागा शोधत असाल तर आधीच सांगतो, मी बसायचा बाक नाही. मी गुडघे टेकायचा जुना बाक आहे. उंचीला वीतभर, लांबीला दोन माणसांपुरता, आणि वर काथ्या भरलेली, आता चार ठिकाणी उसवलेली गादी. आमच्या इमारतीतले लोक मला पाहून विचारतात, हा पाट आहे की चपलांचा स्टँड? विचारू देत. लाकडाने किती मनाला लावून घ्यायचं.

माझा जन्म अहमदनगरचा. पंढरी सुताराने जन्मभर देव्हारे, पाळणे आणि पाट केले होते, पण माझ्यासारखी वस्तू त्याच्या हातून कधी झाली नव्हती. दिनानाथ अडसूळ तेव्हा पंचविशीतले मास्तर होते आणि त्यांचं लग्न ठरलं होतं. ख्रिस्ती लग्नात नवरानवरी शेजारी शेजारी गुडघे टेकून आशीर्वाद घेतात, आणि त्यांच्या चर्चमधला बाक वाळवीने खाल्ला होता. पंढरीने मास्तरांना दुकानातच फळीवर गुडघे टेकायला लावले, माप घेतलं आणि म्हणाला, "देवाला बसायला मी पुष्कळ करून दिलं, मास्तर. भक्ताच्या गुडघ्याची काळजी करनारे तुमीच पयले." सागाची फळी मात्र त्याने निवडून घेतली. लग्न लागल्यावर चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला त्या दोघांनाच देऊन टाकलं, आणि जयमालाबाईंच्या भांड्याकुंड्यांबरोबर मी संसाराला लागलो.

पुढे मास्तरांचे सर झाले. मुंबईत पाळक तयार करणाऱ्या एका विद्यालयात त्यांना शिकवायला बोलावलं आणि आम्ही वाशीला राहायला आलो. खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या कोऱ्या इमारती, मध्ये चिखलाची मोकळी मैदानं, संध्याकाळी खाडीकडून येणारा खारट वास, आणि जिन्यात भेटलेला माणूस कुठल्या मजल्यावरचा हेसुद्धा कोणाला ठाऊक नसायचं. रोज दिवेलागणीला दोघं माझ्यावर गुडघे टेकायची. सरांची प्रार्थना लांबलचक आणि व्याकरणशुद्ध असे. जयमालाबाईंची आखूड. त्या देवाला दुधाच्या रांगेतलं भांडणसुद्धा सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "आता तूच बघ." मला त्यांचीच जास्त आवडायची. खोटं कशाला बोलू?

सरांना विषय मिळाला होता तो ख्रिस्ती अध्यात्माचा. तास तयार करताना ते घरातच मोठ्याने बोलत. म्हणत, "जयमाला, हा शब्द तीन अर्थांनी वापरतात बघ. एक म्हणजे माणूस देवाबरोबर प्रत्यक्ष कसं जगतो ते. दुसरा म्हणजे तसं जगण्याची जी रीत मोठ्यांनी घालून दिली ती. वाळवंटात राहिलेले साधू, मठांतल्या बाया, आपल्याकडचे टाळ घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करणारे, सगळ्यांची वेगळी. आणि तिसरा अर्थ, या दोन्हींचा अभ्यास. तो मी करतो." बाई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "तिसऱ्यावर पोट भरतं तुमचं. पहिल्याला वेळ ठेवा." सर हसायचे. घर भरल्यासारखं वाटायचं.

एक्याऐंशी साली जयमालाबाई काविळीने गेल्या. दवाखान्यातून सर एकटेच आले. त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ आले, उभे राहिले आणि तसेच आत निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग येणंही थांबलं.

माझ्यावर आधी एक जाड पुस्तक आलं, मग दुसरं, मग पेपरांचे गठ्ठे. मित्रांनो, गंमत अशी की ती पुस्तकं सगळी प्रार्थनेबद्दलची होती. प्रार्थनेच्या पायऱ्या, प्रार्थनेचा इतिहास, देव बोलेनासा झाला तर काय करावं याच्यावर तर केवढा मोठा ग्रंथ. गुडघ्यांचं ओझं मी आनंदाने वाहिलं होतं. हे ओझं मात्र अंगावर आलं. घरात दिवसचे दिवस कोणी कोणाशी बोलत नसे. कुकरची शिट्टी झाली की मला बरं वाटायचं.

सर शिकवत मात्र उत्तम. तासाची तयारी अजून मोठ्यानेच चाले, फक्त ऐकायला कोणी नसे. विद्यार्थी त्यांना विचारत, हा विषय शिकवणाऱ्याने स्वतः प्रार्थना केलीच पाहिजे का? सर भिंतीकडे बघून उत्तर घोटून ठेवत: "विद्वानांत यावर दोन मतं आहेत. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला गाता आलंच पाहिजे असं नाही." एवढं म्हणून ते बराच वेळ खिडकीशी उभे राहत. त्या उत्तरावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे माझ्यासारख्या लाकडालाही कळत होतं.

वाशीत थोडी मराठी ख्रिस्ती घरं होती. ती दर शुक्रवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमत. त्याला घरप्रार्थना म्हणतात. गाणी झाली की ज्याला जे दुखतंखुपतं ते तो सांगतो, मग सगळे डोळे मिटतात आणि त्या घरचा कर्ता सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. सर काही ना काही कारण काढून आपली पाळी चुकवत आले होते. पण एके दिवशी बँकेतले कमळाकर दारातच उभे राहिले. "सर, या शुक्रवारी तुमच्याकडे. चहाचं टेन्शन घेऊ नका, ते आमची मिसेस बघेल. तुम्ही फक्त प्रार्थना करा." सरांनी मान डोलावली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी माझ्यावरची पुस्तकं उतरवली, माझ्यावरची धूळ पाहिली आणि मला उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. माणसं पाहतील याची त्यांना लाज वाटली असावी. गॅलरीचं दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकू आलं.

गाणी झाली. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, एकेकाने आपापलं सांगितलं. शेवटी मालतीबाई बोलल्या. या म्हणजे जन्मभर नगरच्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई. आता मुलाकडे वाशीला होत्या. "माझे डोळे चाललेत. ऑपरेशन हाय. वाचायला येत न्हाई याचं लई वाईट वाटतं. तेवढं देवाच्या कानावर घाला." मग सगळ्यांनी डोळे मिटले.

सरांनी घसा खाकरला. आणि काय सांगू तुम्हाला, ते बोलू लागले ते असं: "दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणं मागण्याची परंपरा फार प्राचीन आहे. हिचा विकास प्रामुख्याने तीन टप्प्यांत झालेला दिसतो." तासाची सवय ती. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला, मतमतांतरं झाली. मिटल्या डोळ्यांची ती भाबडी माणसं हीच प्रार्थना समजून माना खाली घालून ऐकत राहिली. तिसरा टप्पा संपवून सर थांबले, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "आमेन."

व्याख्यानाला आमेन! मला हसू यायला हवं होतं. पण सर कोणाच्या नजरेला नजर न देता स्वयंपाकघरात निघून गेले, आणि हसू आलं नाही.

चहा झाला, माणसं पांगली. कमळाकर स्कूटरवर आधी बायकोमुलाला सोडायला गेले आणि परत येऊन मालतीबाईंना नेणार होते. तेवढा वेळ त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, ते देवाशी बोलनं नव्हतं. आमच्याशी होतं."

सरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग सगळं एकदमच बाहेर आलं. "मला येत नाही, बाई. जयमाला गेल्यापासून एक शब्द येत नाही. आणि तरी रोज उभा राहून हेच शिकवतो. आज तुम्ही सगळे फसलात. सोमवारी राजीनामा देतो. लबाडी किती दिवस करायची?"

मला वाटलं, बाई आता उपदेश करणार. आयुष्यभर तेच तर काम केलेलं. पण त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुनाचं झालंय का आधी? तुमच्या पुस्तकांत असंल की."

"पुष्कळांचं झालंय," सर म्हणाले. "मोठमोठ्यांचं. वर्षानुवर्षं."

"मग राजीनामा कशाला? ती मानसं कुनी वाचली न्हाईत तर ज्याचं बोलनं बंद झालं त्याला वाटायचं, आपन एकटंच. मला वाचून दावा. मला कुठं दिसतंय."

सरांनी एक पुस्तक काढलं आणि वाचू लागले. चारशे वर्षांपूर्वीच्या मठातली कोणी बाई होती. देवाचं नाव घेतलं की तिच्या मनाला कोरड पडायची, एवढंच तिने लिहून ठेवलं होतं.  पान संपलं तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, "गुडघं टेकायला काही हाय का? फरशी सोसत न्हाई आता."

सर गॅलरीत आले. सदऱ्याच्या बाहीने मला पुसलं आणि आत नेलं. मालतीबाईंनी माझ्यावर गुडघे टेकून सरांसाठी दोन वाक्यांत मागणं मागितलं, आपल्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. सर शेजारी खुर्चीत नुसते बसून राहिले. खाली स्कूटर वाजली.

रविवारी संध्याकाळी सर, राजीनाम्याऐवजी सोमवारी वर्गात काय सांगायचं, ते घोटत येरझाऱ्या घालत होते. "मी हा विषय शिकवतो, पण काही वर्षं मला प्रार्थना करता आलेली नाही. ज्याला असा शिक्षक नको असेल त्याने खुशाल उठून जावं." वाक्य प्रत्येक वेळी मध्येच अडायचं. मला एकच धास्ती होती. नोकरीचं मला काही नव्हतं हो. पण वर्गही उठून गेला असता तर या माणसाजवळ उरलं काय असतं?

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही. तरी सांगतो. तुमच्या घरात, वर्गात, जिन्यात कोणी गप्प गप्प झालं असेल तर त्याला बोल म्हणून टोचू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला जे येतं ते त्याच्याकडून ऐका. आणि आमच्यासारख्या वस्तू गॅलरीत टाकल्या असतील तर अधूनमधून पुसत जा.

सोमवारी सर बसने गेले. दिवसभर घर रिकामं होतं. दिवेलागणीला कुलूप उघडलं, सर आत आले, पिशवी ठेवली, दिवा लावला. मग खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "एकही जण उठून गेला नाही."

घरात मी सोडून कोणी नव्हतं. जयमालाबाई गेल्यापासून त्या घरात एकटे असताना तासाची तयारी सोडून ते मोठ्याने काही बोलले होते ते पहिल्यांदा. ते मला सांगितलं असं मानण्याइतका मी खुळा नाही. कोणाला सांगितलं, ते मी विचारलं नाही.