शुक्रवारचं जळकं दार

मित्रांनो, मी ट्रक आहे आणि म्हातारा आहे, यावर कुणाचं दुमत नाही. मी कुठला, हे मात्र विचारू नका. आयुष्यात मला इतक्या लोकांनी इतकी नावं ठेवली, की शेवटी माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. तरी जेवढं आठवतं तेवढं सांगतो.

माझा जन्म जर्मनीतला, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातला. तोवर त्या देशात लोखंडाचा खडखडाट झाला होता. माझ्या चासीला आणि चाकांना कसंबसं पोलाद मिळालं, पण केबिनसाठी काही उरलं नाही. मग कारागिरांनी लाकडाचा सांगाडा केला आणि त्यावर दाबून कडक केलेला पुठ्ठा ठोकला. पुठ्ठ्याची केबिन! आधीचे पत्र्याचे ट्रक माझ्याकडे बघून हसले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. ज्या सैन्यासाठी मी राबलो त्याचा मला जराही अभिमान नाही. पण पाठीवर काय चढवायचं हे ट्रकला कुणी विचारत नाही. बर्फात रुतलो, चिखलात फसलो, शेजारी बॉम्ब पडले, तरी माझ्या पुठ्ठ्याला ओरखडासुद्धा आला नाही.

युद्ध संपलं आणि मी भंगारात निघालो. या हातून त्या हाती जात, दोन-तीन बंदरं पालथी घालत आखातात पोचलो. इथे बर्फ नाही, चिखल नाही, नुसती वाळू. एका पठाण कंत्राटदारानं मला पाण्याच्या टाक्या वाहायला ठेवलं. अबुधाबीतल्या रुवैसला तेलाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या मजुरांचं पाणी मी नेत असे. मला लांबून पाहिलं की माणसं बादल्या घेऊन धावत सुटायची. तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही. माझं इंजिन बसलं तेव्हा मालकानं बेडफर्ड या इंग्रजी ट्रकचं इंजिन घातलं आणि केबिनवर हौसेनं मोर, गुलाब, कमळं रंगवून घेतली. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू?

मग नवे टँकर आले. मला शारजातल्या एका यार्डात उभं केलं आणि सगळे विसरले. माझ्या सावलीत बकऱ्या झोपू लागल्या.

तिथून मला बाहेर काढलं सूर्यकांतनं. तो चिपळूणचा. शारजात एका गॅरेजचा फोरमन. त्याच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुन्या लष्करी गाड्या जमवून नीट करण्याचा नाद होता. माझा नाकाडा चेहरा आणि चाकं पाहून सूर्यकांत छातीठोकपणे म्हणाला, "अरबाब, ये जर्मन है. मेरी गॅरंटी." त्याच्या शब्दावर अरबाबनं मला विकत घेतलं. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची.

गॅरेजमध्ये बोनेट उघडलं आणि सूर्यकांतचा चेहरा पडला. आत बेडफर्डचं इंजिन. वर मोर आणि गुलाब. गॅरेजचा सुतार हमदुल्ला पेशावरचा. तो केबिन थोपटून हसला. "सूर्याभाई, ये तो हमारे यहाँ का काम है. बेडफर्ड पे लकडी का केबिन. पेशावर में गली-गली बनता है."

गुरुवारी अरबाब आला. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सूर्या, तुम बोला जर्मन. ये जर्मन? खलास! सॅटरडे को भंगार में भेजो." मग जाता जाता थांबला. "आगे से गाडी मैं खुद देखेगा."

सूर्यकांत त्या दिवशी जेवला नाही. पंधरा वर्षं अरबाबनं त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आणि मी? मला तर आता वाटू लागलं होतं, की असेन बाबा मी पेशावरचा. सगळेच म्हणतात तर खरं असेल.

शुक्रवार सुट्टीचा. सूर्यकांतची बायको सुमेधा आदल्याच रात्री व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला गॅरेज दाखवायला तो घेऊन आला. हमदुल्लानं भाभीसाठी पुलाव मांडला होता. जळण कमी पडलं म्हणून त्यानं सूर्यकांतला विचारून माझं उजवं दार उतरवलं आणि चुलीत सरकवलं. उद्या भंगारात जाणाऱ्याचं दार ठेवून कुणाला काय करायचं होतं?

"अहो, मी बसून बघू?" सुमेधा म्हणाली आणि पदर खोचून डाव्या दारानं चढली. ड्रायव्हरच्या शेजारची जागा चिपळुणात त्याच बाजूला असते. तिच्या पोटाला स्टिअरिंग लागलं.

"अगंबाई! पुन्हा तेच. सकाळी तुमच्या पिकअपमध्येही अशीच फसले."

"इथे सगळ्यांचं चाक डावीकडेच असतं गं."

"इथे असेल. पण हा पाकिस्तानात बनलाय म्हणालात ना? तिकडे कुठे असतं?"

सूर्यकांतनं हमदुल्लाकडे पाहिलं. हमदुल्लाच्या हातातला झारा हवेतच राहिला.

"सीधे हाथ पे," हमदुल्ला उजवीकडे बोट दाखवत पुटपुटला. "हमारे यहाँ सीधे हाथ पे होता है."

दोघांची अर्धी हयात शारजात गेली होती. डावीकडचं चाक डोळ्यांत इतकं मुरलं होतं, की ते तिथे का आहे हे विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"बाद में बदला होगा," सूर्यकांत म्हणाला.

"बदला होगा तो जोड दिखेगा." हमदुल्ला आत शिरला. चाकापुढच्या फळीला जोड नव्हता की ठिगळ नव्हतं. त्यानं नखानं कड उकरली, तर आतून पुठ्ठा निघाला. तो वैतागून ओरडला, "ये लकडी किधर है? ये तो गत्ता है! कोई पेशावरी गत्ता लगाएगा? नाक कट जाएगी उसकी!"

सूर्यकांत नवा शर्ट न बघता माझ्याखाली घुसला. डिझेलच्या फडक्यानं त्यानं माझं वर्षानुवर्षांचं ग्रीस पुसलं. केबिनचे पाय चासीच्या भोकांत चपखल बसले होते. नंतर पाडलेलं एकही भोक नव्हतं. पायावर ठोकलेला नंबर आणि चासीवरचा नंबर एकच होता. "सुमेधा, हे दोघं जुळे आहेत गं!" तो खालूनच ओरडला. "केबिन याचीच आहे! जन्मापासूनची! परकं काय ते फक्त इंजिन!"

मग तिघांनाही एकाच वेळी आठवलं.

"दरवाज़ा!"

पुलावाचं भांडं लवंडलं. हमदुल्लानं हातानंच दार ओढून काढलं, सूर्यकांतनं वाळू टाकून विझवलं. खालचा अर्धा भाग कोळसा झाला होता. हमदुल्ला भाजलेले तळवे मांडीवर ठेवून बसला आणि रडू लागला.

सूर्यकांतनं फोन केला आणि अरबाब तसाच आला. सूर्यकांतनं आधी दाराचं सांगितलं. "जलाने का ऑर्डर मेरा था." अरबाब गुडघ्यावर बसला आणि माझा पुठ्ठा किती तरी वेळ चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "लडाई के आखिर में उनके पास लोहा नहीं था. लकडी का केबिन बनाया. मैंने सुना था. देखा कभी नहीं." मग त्यानं सूर्यकांतच्या खांद्यावर हात ठेवला. "तेरा गॅरंटी ठीक था, हबीबी. मेरा आँख कच्चा था."

पुढची दोन वर्षं त्यांनी मला नीट केलं. हमदुल्ला म्हणे, दार नवं करतो, हुबेहूब. सूर्यकांत नको म्हणाला. ते अर्धं जळकं दारच त्यांनी साफ करून माझ्या अंगावर चढवलं.

आज मी अरबाबच्या शेडमध्ये उभा आहे. शाळेची मुलं येतात, त्या काळ्या दारावर हळूच बोट फिरवतात आणि एकमेकांत कुजबुजतात, "It got burnt in the war!" त्यांचे डोळे विस्फारतात. मोठी माणसंही माना डोलावतात.

नाही रे मित्रांनो. युद्धातून मी धडधाकट बाहेर आलो होतो. हे दार जळलं ते शांततेच्या दिवसांत, सुट्टीच्या दुपारी, पाहुणीसाठी मायेनं स्वयंपाक करणाऱ्या माणसांच्या हातून. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तुमच्या घरात, अंगणात एखादी जुनी वस्तू निरुपयोगी म्हणून पडली असेल, तर ती टाकण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा आणि विचारा, तू कोण? मला हे विचारलं गेलं, तेव्हा माझं दार चुलीत होतं.