गाडी परक्याची, माणूस खरा

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवायचा? अनोळखी गिऱ्हाइकावर, की घरच्या माणसावर? माझं उत्तर पूर्वी ठरलेलं होतं. आता बदललंय. बसा, चहा येईपर्यंत सांगतो.

मी मोटारसायकलीच्या शर्यतीचा एक काळापांढरा फोटो बोलतोय. इतवारीतल्या लुगड्यांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर माझी उमर गेली. म्हणून बोलणंही दुकानदारासारखंच झालं.

जबलपूरच्या एका गड्यानं शर्यत जिंकली आणि तो पाणी प्यायला उतरला. तेवढ्यात कोष्ट्याच्या घरचा नत्थूजी पुढे झाला. "भाऊ, जरा बसू का गाडीवर?"

"बैठ जा, बस किक मत मारना."

फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. पुढे सात नंबरची पाटी, चिखलानं माखलेलं चाक, मागे धुळीत पुसट झालेला एक स्वार, आणि मधोमध नत्थूजी. स्वतःच जिंकल्यासारखा, सगळे दात दाखवून हसतोय. हँडलवर हात. उजवा अंगठा वाकडा, लहानपणी हातमागात चेंगरलेला.

मग मला उमरेडला पाठवलं, स्थळ म्हणून. मुलीचा बाप गाडीवर खूश. पण बघण्याच्या दिवशी नत्थूजी स्वतःहून बोलला, "मामाजी, गाडी परक्याची आहे. माणूस तेवढा खरा."

मुलीनं, म्हणजे रुख्माबाईनं, तरी हो म्हटलं. पुढे जन्मभर टोमणा मारायची. "गाडी पाहून हो म्हटलं, अन् आली सायकलच्या डंड्यावर बसून."

"घंटी तर होती ना वं," नत्थूजी म्हणायचा.

पुढे नत्थूजीनं लुगड्यांचं दुकान टाकलं, तिथे माझा मोठा उपयोग. सावनेरकडची बायामाणसं लग्नाची लुगडी घ्यायला यायची, त्यांचे नवरे कंटाळून माझ्याकडे बघत बसायचे. "शेठ, गाडी तुमची का?" उत्तर तेच. "नाही गा, गाडी परक्याची, माणूस खरा." हसण्यात वेळ जायचा, तोवर आणखी दोन लुगडी उलगडलेली असायची. खरं सांगितल्यानं माल पडून राहत नाही, हे मी त्या भिंतीवर शिकलो.

नत्थूजी गेला, दुकान उठलं. मी घरी रुख्माबाईच्या खाटेसमोर आलो. म्हातारपणाचे फोटो तिच्याकडे होते, पण त्यांत तो डॉक्टरनं बोलावल्यासारखा बसलेला. हसरा तेवढा माझ्यातच. रोज सकाळी ती मला म्हणायची, "चहा झाला बरं."

पंकज तिचा नातू, तिनंच वाढवलेला. खोटं कशाला बोलू, त्याचा माझ्यावर जीव होता. भिंग लावून बघायचा. "आजी, या धुळीले तोड नाही. आताच्या फोटोत गाडी धुतलेली अन् माणूसही धुतलेला." एक दिवस म्हणाला, "नवी फ्रेम करून आणून देतो." तिनं मला स्वतः टॉवेलात गुंडाळून दिलं. मीही निर्धास्त. नातूच तो.

पण फ्रेमवाल्याकडे नाही, माझा मुक्काम पडला बेसाला. त्याचा मित्र भूपेश तिथे कॅफे उघडत होता. भिंतभर जुन्या मोटारी, वळणावर झुकलेले शर्यतवाले. पंकजनं मला भेट म्हणून पुढे केलं. "घरचाच माल आहे, ठेव." दुसऱ्याच्या मालावर दिलदार होणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण ते परके होते.

भूपेश म्हणाला, "गाडी कडक आहे यार. माणूस मधात येते."

त्यानं खिडकी कापलेला काळा पुठ्ठा माझ्यावर बसवायला काढला. मी पंकजकडे बघत राहिलो. एक शब्द पुरला असता.

"हो," पंकज म्हणाला, "असं क्लीन वाटते."

चाक राहिलं, पाटी राहिली, दोन हात राहिले. नत्थूजीचं तोंड अंधारात गेलं.

रुख्माबाई रोज विचारायची, पंकज टाळायचा. शेवटी कॅफेचा पत्ता काढून ती रिक्षा करून आली. काठी टेकत भिंतीभिंतीनं फिरली, मला ओलांडून पुढे गेली, मग परतली. अंगठ्यापाशी थांबली.

"पंकज, यांचं तोंड कुठं गेलं?"

"आतच आहे आजी, पुठ्ठ्याखाली. लोक गाडीच पाहतात."

"मी कोणाले पाहू?"

"तुझ्या मोबाइलमध्ये पूर्ण फोटो टाकून देतो ना."

"तुले घेऊन जा म्हटलं होतं. देऊन ये नाही म्हटलं."

"आता भूपेशले परत कसं मागू? बरं नाही दिसत."

"अन् हे बरं दिसते?"

भूपेशनं खुर्ची सरकवली, "आजी, कॉफी घ्या" म्हणाला. ती बसली नाही. बाजूच्या टेबलावरच्या पोरीनं सहज विचारलं, "आजी, ही गाडी तुमच्या घरची का?"

"नाही वं," रुख्माबाई म्हणाली. "गाडी परक्याची आहे. माणूस खरा होता, तो झाकला." काचेवरून, अंगठ्यावर बोट फिरवून ती निघून गेली.

मी अजून इथेच आहे. लोक माझ्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. त्यांच्यावर राग नाही. जुनी धूळ कोणाला आवडत नाही? पण एक विनंती. नत्थूजीनं घडीभर मागून घेतलेली गाडी जन्मभर परक्याचीच सांगितली. तुम्हीही मागून आणलेलं ते मागून आणलेलंच लिहा, आपलं म्हणून वाटून टाकू नका. हिशोब चोख ठेवा. आणि बेसाकडे आलात, तर चाकाच्या आधी त्या वाकड्या अंगठ्याकडे बघा. त्याच्या वर, पुठ्ठ्याआड, एक माणूस अजून हसतोय. त्यालाही हिशोबात धरा.