कामिल्लाची शपथ

माझ्या भावाचं, बोर्तोलोचं लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या गल्लीला आमचा हेवा वाटला. होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या घरी अनाथालयातली गायिका येणार होती. कामिल्ला तिथल्या चर्चमध्ये जाळीआड उभी राहून गायची आणि तिला ऐकायला परमुलखातले सरदार व्हेनिसला यायचे.

लग्नाआधी अनाथालयाच्या विश्वस्तांनी तिला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की यापुढे चारचौघांत गाणार नाही. तिथली रीतच तशी. गाणं त्यांनी शिकवलं, म्हणून गळाही त्यांचाच.

वहिनीनं शपथ पाळली. रविवारी मात्र ती अनाथालयात जायची, सामारिताना बाईंना भेटायला. तिला लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं, गाणंही त्यांनीच शिकवलं होतं.

मग उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं. "पोरी, एकदा तरी म्हण गं," ती वहिनीला म्हणाली. "मी मेल्यावर काय ऐकू?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "म्हण की," मी म्हणाले. "घरात कोण येतंय बघायला?"

ती गायली. खाली कालव्यात होड्या थांबल्या, पुलावर माणसं जमली. आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. त्याच आठवड्यात ती गेली.

आईला माती दिली न दिली तोच विश्वस्तांचं बोलावणं आलं. मी सोबत गेले.

"शपथ मोडलीस," विश्वस्त म्हणाले.

"सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या, महाराज. घरातच गायले."

"खिडकी उघडी होती."

"उकाडा किती होता," मी मध्येच बोलले. "बंद केली असती तर म्हातारी तेव्हाच गुदमरली असती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुडघे टेकून माफी माग, कामिल्ला. नाहीतर हा दरवाजा तुला कायमचा बंद."

"सासूसाठी गायले, त्याची माफी नाही मागणार," वहिनी म्हणाली आणि वळली.

त्या हिवाळ्यात सामारिताना बाई वारल्या. वहिनीला दारातूनच परत पाठवलं. तिथं वाढलेल्या पोरीला तिच्या बाईचं तोंडही बघू दिलं नाही. देवाच्या नावानं चालतं म्हणे ते घर.

बोर्तोलोनं होडी काढली. चर्चच्या मागच्या भिंतीला लावली. वहिनी उभी राहिली आणि बाईंनीच शिकवलेलं मृतात्म्याचं गाणं तिनं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, वर घंटा घणाणू लागल्या. अंत्यविधीच्या घंटा कधीच वाजून झाल्या होत्या. या तिचा आवाज बुडवायला होत्या.

ती थांबली नाही. होडीत तिच्या पायाशी बसूनही मला एक शब्द ऐकू आला नाही. नुसता गळा हलताना दिसत होता. गाणं पुरं करूनच ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजवणारा म्हातारा दाराशी आला. "मला हुकूम होता, बाई."

"हात भरून आले असतील तुमचे," वहिनी म्हणाली. "बसा."

मी मात्र त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.