मी, सिनेमावाल्या ट्रकवरची पाण्याची टाकी

मित्रांनो, तंबूतला सिनेमा गावोगाव नेणाऱ्या ट्रकच्या टपावरची मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. मिरजेच्या एका वेल्डरने मला जाड पत्र्यातून घडवले. घाटाघाटांत धक्के खाऊन मला पोचे आले, पण गळायचे नाव मी कधी घेतले नाही. टाळ्या पडद्यावरचा नायक घ्यायचा. तहान लागली की मात्र सगळ्यांना मी आठवायची. याचा मला थोडा गर्वही होता!

आमचे मालक भाऊसो मोठे भाविक. हंगामाच्या सुरुवातीला वाईच्या घाटावर नारळ फोडून ते माझ्यात कृष्णेचे पाणी भरत. पुढे गावोगावी त्यावरच नवे पाणी ओतत. तळ कधी मोकळा होऊ देत नसत. "किष्णामाई वतून द्यायची नसती," असे ते म्हणत. त्यामुळे माझ्या तळाशी गाळ साचला, शेवाळ धरले. बाहेरून मात्र दरवर्षी मला निळा रंग मिळे. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, तशी माझी गत झाली.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. म्हसवडची यात्रा भरात होती आणि आमच्या तंबूतल्या एकेकाचे पोट बिघडू लागले. मशीन चालवणारा सोपान रीळ लावायचे सोडून बाभळीकडे पळू लागला. खापर फुटले ते स्वयंपाक करणाऱ्या रंगूबाईंच्या डोक्यावर.

"तुमच्या हाताला आता चोखपणा ऱ्हायला न्हाई. उद्या गावाकडं जावा," भाऊसो म्हणाले.

बिचाऱ्या डोळे पुसत गाठोडे बांधू लागल्या. मित्रांनो, दोष माझ्या पोटात होता आणि मला बोलता येत नव्हते! जिवाची नुसती तगमग झाली.

तेवढ्यात रंगूबाईच टमरेल घेऊन लगबगीने निघाल्या. तिकिटे फाडणारी भाऊसोंची सून दीपमाला ओरडली, "आवं काकी, तुमी बी? आज तुमचा गुरुवारचा उपास ना? सकाळधरनं काय खाल्लं तरी काय?"

"काय न्हाई गं. निस्तं पाणी."

दीपमालेने पदर खोचला, टपावर चढून माझे झाकण उघडले आणि नाकच दाबले. "मामंजी, वर या आन बगा!"

भाऊसोंनी वर चढून आतले शेवाळ पाहिले. पण खाली रंगूबाई माझा नळ सोडू लागल्या, तसे ते कळवळले, "आवं, किष्णामाई हाय ती!"

"मालक, माय वाहती असती. तुमी तिला कोंडून घातलीया. जाऊ द्या तिला."

भाऊसोंनी वाहत्या पाण्याला हात जोडले. मग मला तळापर्यंत रिकामी करून काथ्याने घासले. ब्लीचिंग पावडरचे पाणी माझ्यात आणि नळीतही भरून ठेवले, वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले. मला तर गुदगुल्याच झाल्या! ताज्या पाण्याचा पहिला तांब्या भाऊसोंनी स्वतः रंगूबाईंपुढे धरला.

"चुकलं माजं. गाठोडं सोडा."

"ते कवाच सोडलंय. पेज शिजतीया, आदी ती खावा."

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. वरचेवर तळापर्यंत उपसा, घासा, झाकण घट्ट लावा. आणि पोट बिघडलेच, तर रांधणाऱ्या हातांना नावे ठेवण्याआधी एकदा माझ्या आत डोकावून बघा.