रविवारी चालणारे मशीन

मित्रांनो, भिंगारच्या ख्रिस्ती आळीत, कृपादान मास्तरांच्या ओसरीवर जे काळे शिलाई मशीन सकाळपासून खडखडत असते, ते मी. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसून गेली. स्वभावही चिडका झाला आहे. पण ज्या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षे काढली, त्याची हकिगत ऐकाल तर माझी चीड तुम्हालाही पटेल.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने मी नगरला आले. पहिली काही वर्षे मुलींच्या शिवणवर्गात गेली. तिथे माझे फार कौतुक होई. रोज मला पुसत, तेल घालत. पुढे वर्गात नवी मशिने आली आणि कृपादान मास्तरांनी मला बैलगाडीत घालून घरी आणले. मला ओसरीवर ठेवल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, दीनाबाईने, माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. "या मशीनवर जे काम करीन, ते प्रभूचं समजून करीन," असे मास्तर मोठ्याने म्हणाले. ते मी ऐकले, म्हणून तर पुढे मला इतका त्रास झाला.

मास्तर श्रद्धावान होते, यात शंका नाही. पण त्यांचे मन म्हणजे दोरा सुटलेली बॉबिन. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते डोळे मिटून "हे स्वर्गातल्या बापा" म्हणत, आणि दुसऱ्याच वाक्याला कुठल्यातरी कोटाचे अस्तर आठवून आत बायकोला हाक मारत. तिने उत्तर दिले की लगेच सुई ओवायला घेत. नजर देवाच्या शब्दावर राहावी म्हणून त्यांनी समोरच्या भिंतीवर शास्त्रवचनाचा पुठ्ठा टांगला होता. महिन्याभरात त्याच खिळ्याला मापाचा टेप, मग कापलेल्या बाह्या, मग कुणाची तरी विजार लटकली. वचन कोणते होते, हे आता मलाही आठवत नाही.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. भिंगारची छावणी पलटणींनी भरून गेली आणि छगन नावाचा ठेकेदार खाकी कापडाचे गठ्ठे घेऊन येऊ लागला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त शर्ट हवे होते आणि तेही आजच्या आज. आधी मास्तर रविवारी उपासनेहून आल्यावर तासभर बसू लागले. मग उपासनेच्या आधीही. मग एका रविवारी म्हणाले, एवढा गठ्ठा होऊ दे, पुढच्या रविवारी नक्की जाईन. तो पुढचा रविवार पावसाळा संपला तरी उगवला नाही. दीनाबाई एकटीच आळीतल्या ख्रिस्ती देवळात जाई. मी मात्र चालत राहिले. पायडल मारले की मशीनला चालावेच लागते, आणि त्याचीच मला खरी चीड येई.

चव्वेचाळीस सालच्या नाताळाआधी साळूबाई आली. ही आमच्या आळीतली म्हातारी, गवंड्यांच्या हाताखाली विटा आणि चुना वाहणारी. तिची दोन नातवंडे पाळण्यातच गेली होती. तिसरा, गिदोन, वर्षाचा झाला होता आणि त्याचा बाप्तिस्मा ठरला होता. तेव्हा लढाईमुळे कापड कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातच मिळे. रांगेत तीन दिवस उभी राहून तिने दीड वार पांढरी मलमल मिळवली होती. ती तिने माझ्या फळीवर ठेवली आणि बाळाला झबले शिवून मागितले. मास्तरांना गहिवरून आले. त्यांनी शब्द दिला, वर शिलाई घेणार नाही असेही सांगितले.

दुसऱ्याच दिवशी छगनचा नवा गठ्ठा आला आणि मलमल त्याच्याखाली गेली. रोज मास्तर म्हणत, उद्या आधी झबले. दीनाबाईने चारदा आठवण केली. झबल्याला लागणार होता अर्धा तास. मित्रांनो, फक्त अर्धा तास.

बाप्तिस्म्याच्या सकाळी देवळाची घंटा झाली, तेव्हा मास्तर एका शर्टाला कॉलर लावत होते. साळूबाई धुतलेले लुगडे नेसून, नातवाला काखेत घेऊन ओसरीसमोर उभी राहिली. तिला पाहताच मास्तरांचा पाय थांबला. त्यांनी गठ्ठा उपसून मलमल काढली. तिची घडीही मोडलेली नव्हती.

"मावशी, थांब. आत्ता शिवून देतो."

"घंटा झाली, कृपादान," ती शांतपणे म्हणाली. "तुला ऐकू आली न्हाई व्हय?"

"आली," मास्तर खाली बघत म्हणाले. "दर रविवारी येती."

साळूबाईने मलमल उचलली, उभ्या उभ्या बाळाला तिच्यात गुंडाळले आणि टोक त्याच्या खांद्याशी खोचले. जाताना म्हणाली, "देवाला शिलाई लागत न्हाई. पर तुजा शबुद हुता."

सुई कॉलरमध्ये रुतलेली होती. मास्तर उठले आणि अनवाणीच निघाले, अंगावर खाकी दोऱ्यांचे तुकडे घेऊन. दीनाबाईने नंतर सांगितले, ते देवळात सर्वांच्या मागे उभे राहिले. पाळकांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातले, तेव्हा ते ओक्साबोक्शी रडले. उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्या मंडळीसमोर साळूबाईची माफी मागितली.

रविवारी मशीन चालणार नाही, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी छगनला सांगून टाकले. छगनने अर्धे काम दुसऱ्याकडे नेले. तो हिवाळा नुसत्या चटणी-भाकरीवर गेला, पण मास्तर मागे फिरले नाहीत. आजही शनिवारी संध्याकाळी ते माझ्या चाकाचा पट्टा उतरवून दीनाबाईच्या हाती देतात, कारण स्वतःवर त्यांचा पुरता भरवसा नाही.

तो नसावाच. दिवेलागणीला दोघे माझ्याशेजारी चटई टाकून बसतात. दीनाबाई पवित्र शास्त्र वाचते, मास्तर डोळे मिटून ऐकतात, आणि दहा ओळी होतात न होतात तोच त्यांचा उजवा पाय हलू लागतो, जणू खाली माझे पायडल आहे. मन गेलेच कुठल्यातरी बाहीत. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावते. दीनाबाई मात्र रागावत नाही. वाचन न थांबवता ती त्यांच्या पायावर हात ठेवते. पाय थांबतो. जरा वेळाने पुन्हा हलतो, आणि ती पुन्हा हात ठेवते.

मित्रांनो, मन तुमचेही भटकेल. कोणी असा हात ठेवला, तर पाय झटकू नका. ऐकणे जिथे सुटले, तिथून पुन्हा धरा.