शेकरूच्या झाडाखालचा बेडूक

मित्रांनो, मी अंगठ्याच्या नखाएवढा एक बेडूक आहे. आंबेगावच्या डोंगरात, भीमाशंकरच्या रानातल्या एका ओहोळाशी ओल्या कपारीत राहतो. तुम्ही मला पाहिलं नसणार. कसं पाहाल? माझ्या डोक्यावरच्या झाडात शेकरू राहतं ना!

पायवाटेवर त्याच्या चित्राची रंगीत पाटी आहे. सहलीची मुलं माना वर करून त्याची झुपकेदार शेपूट बघतात आणि पाय देतात माझ्या दगडावर. शेपटीचं एवढं काय कौतुक? लहानपणी मलाही होती. मोठा झालो, तशी गेली. खरं सांगतो, मी त्या शेकरावर फार जळायचो.

माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, खालच्या वाडीची बयाबाई. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की ती ओहोळावर यायची. हंडा खाली ठेवून कान द्यायची. माझी टिकटिक ऐकू आली, तरच पाणी भरायची. बेडूक ओरडतो ते पाणी चांगलं, ही तिच्या आईनं लावलेली रीत.

एका श्रावणात मात्र तिनंही मान वर केली. म्हणाली, "किती देखणं हाय गं बाई." मी थंड रक्ताचा, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, आता तोंड उघडायचंच नाही.

तीन दिवस ती आली, कान दिला आणि रिकामा हंडा घेऊन गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी तिच्यासोबत दादाभाऊ आला. हा पंचायतीचा पाणीवाला, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणारा. त्याच्या बादलीचा उग्र वास आला आणि माझं अवसान गळालं. विहिरीतल्या माझ्या भाऊबंदांचं त्या पावडरीनं काय झालं, ते मी ऐकून होतो. इथे तर ओहोळातल्या डबक्यावरच्या पानाला माझ्या बेडकीची अंडी चिकटलेली होती. आतली पिल्लं वळवळत होती, आज-उद्या खाली पाण्यात पडणार होती.

"तीन दिस झालं, बेडूक वरडत न्हाई," बयाबाई म्हणाली. "पाणी बिघडलं म्हणायचं. आज घरी पावणं येत्यात. टाक बाबा."

दादाभाऊनं बादली तिरकी केली. वर शेकरू नेमकं तेव्हाच खच्चून ओरडत होतं. त्याच्या आवाजापुढे माझा तो काय आवाज! तरी गळा फाटेस्तोवर ओरडलो.

बयाबाईनं हात आडवा घातला. "थांब. हाय तो. पाणी जित्तं हाय."

"आजी, पावणं आजारी पडलं तर?"

"मी उकळून देईन पावण्यांना. बादली घेऊन जा."

आता माझी पिल्लं त्याच डबक्यात पोहतात. मित्रांनो, रानात आलात की शेकरू जरूर बघा, पण आधी पायाखाली बघा आणि क्षणभर गप्प राहून कान द्या. शेकरावर मी अजूनही जळतो, पण गप्प राहून नाही. सकाळी हंडा खाली टेकल्याचा आवाज आला की सगळ्यात आधी मी ओरडतो.